रिळाच्या पोटातले दुखणे

(प्रतिनिधी)

रात्रीचे दोन वाजलेले असतात. शहर आवृत्तीची पाने यंत्रावर चढलेली असतात आणि छपाईने वेग घेतलेला असतो. एवढ्यात फटकन आवाज होतो, कागदाचा पट्टा तुटतो आणि पाठोपाठ यंत्र थांबते. रुळांत गुंतलेला कागद कामगार ओढून काढतात, पट्टा पुन्हा ओवतात आणि यंत्र सुरू करतात. रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत निघालेल्या प्रती थेट रद्दीत जातात. या साऱ्यात पंधरा-वीस मिनिटे गेली, की गठ्ठे घेऊन निघणाऱ्या गाडीचे वेळापत्रक कोलमडते. वाचकाला मात्र एवढेच कळते, की आज पेपर उशिरा आला.

कागद तुटला की पहिले खापर फुटते ते यंत्रावरच्या माणसावर. कधी चूक त्याची असतेही. परंतु अनेकदा त्या तुटण्याचे मूळ कित्येक आठवडे मागे आणि शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर असते. कागद कारखान्यात ज्या क्षणी रिळावर गुंडाळला गेला, त्या क्षणीच दोष आत शिरलेला असतो. बाहेरून रीळ गुळगुळीत आणि गोल दिसते, त्याचे दुखणे पोटात असते आणि ते उलगडताना बाहेर पडते. हीच गोष्ट औषधाच्या बाटलीवरच्या स्टिकरची, बिस्किटाच्या वेष्टनाची आणि दुकानातल्या बिलाच्या पट्टीचीही आहे. रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तू कधी ना कधी रिळावर गुंडाळलेल्या असतात. म्हणूनच ही गुंडाळणी नेमकी कुठे आणि कशी बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

एका मीटरमध्ये अकरा किलोमीटर

वृत्तपत्राच्या कागदाचे वजन चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम आणि जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक मीटर व्यासाच्या रिळात, मधली तीन इंची नळी वजा जाता, या कागदाचे सुमारे साडेसहा हजार वेढे बसतात. ते सारे उलगडून सरळ पसरले, तर लांबी भरते ११ किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेला हा पट्टा दादर ओलांडून पुढे जाईल. रिळाची रुंदी १.४ मीटर धरली तर वजन होते सुमारे ७०० किलो. सेकंदाला दहा मीटर वेगाने यंत्र चालले, तर एवढे रीळ अठरा-एकोणीस मिनिटांत संपते.

कागदाच्या सलग पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी छापणाऱ्या यंत्राचे पेटंट विल्यम बुलक या अमेरिकी संशोधकाने १८६३ मध्ये घेतले. तोवर छपाई यंत्राला कागदाचे ताव माणसे हाताने पुरवीत. रिळामुळे वृत्तपत्रांचा वेग कैक पटींनी वाढला, पण त्याबरोबर एक नवे परावलंबनही आले. सुटा ताव खराब निघाला तर तो बाजूला टाकता येतो. अकरा किलोमीटरच्या सलग पट्ट्यात एका ठिकाणी खोट असेल, तर तिला वगळून पुढे जाता येत नाही.

चटई का सुटते?

सभा आटोपल्यावर चटई गुंडाळणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. सुरुवातीचे दोन-चार वेढे सैल पडले आणि पुढचे कितीही आवळले, तरी उचलताना मधला भाग शंकूसारखा बाहेर घसरतो. रिळाचे मुख्य शास्त्र एवढ्यात आले. पाया सैल असेल तर वरचा घट्टपणा उपयोगी पडत नाही, उलट घातक ठरतो.

ते का, हे पाहू. रिळावर गुंडाळला जाणारा प्रत्येक वेढा किंचित ताणलेला असतो. रबरी फितीप्रमाणे तो आतल्या वेढ्यांना आवळतो. त्याच्यावर दुसरा येतो, मग तिसरा. हजारो वेढे असे एकावर एक आवळत गेले, की आतल्या वेढ्यांचा मूळचा ताण कमी होत जातो. आतला भाग मऊ असेल तर ताण शून्यावर येऊन उलटा दाब सुरू होतो. कागदाला ताण सोसतो, पण आपल्या लांबीच्या दिशेने आलेला दाब तो पेलू शकत नाही. तो दुमडतो.

रिळाच्या आत हा ताण थरागणिक कसा वाटला जातो, याचे गणित मांडण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालले होते. कागदाची चळत दाबली की ती आधी सहज दबते आणि मग अधिकाधिक ताठर होत जाते. ही गोष्ट जमेस धरून थरागणिक हिशोब करण्याची पद्धत ईस्टमन कोडॅक कंपनीतील संशोधक हाकिएल यांनी १९८७ मध्ये मांडली. या क्षेत्रात आजही तिचा आधार घेतला जातो. अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तर अशा पट्ट्यांच्या हाताळणीसाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे.

कारखान्यातील कारागिराच्या हाती मात्र प्रामुख्याने तीन दोऱ्या असतात. पहिली, येणाऱ्या पट्ट्याचा ताण. दुसरी, रिळावर टेकलेल्या रुळाचा दाब. तिसरी, रीळ फिरवणाऱ्या मोटारीचा पीळ. यंत्राचा वेग ही त्यात भर घालणारी चौथी गोष्ट, कारण वेग वाढला की पट्ट्याबरोबर हवाही वेढ्यांत ओढली जाते. पट्टा ज्या ताणाला तुटतो, त्याच्या साधारण १० ते २५ टक्के एवढाच ताण गुंडाळताना ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. नळीजवळचे वेढे पुरेसे घट्ट घ्यायचे आणि रीळ मोठे होत जाईल तसा ताण हळूहळू कमी करत न्यायचा, हा दुसरा नियम. त्यात अचानक चढ-उतार नको. मध्येच यंत्र थांबले आणि पुन्हा वेगळ्या ताणाने सुरू झाले, तर त्या जागी आतमध्ये एक कच्चा सांधा तयार होतो.

एका मायक्रॉनचा डोंगर

ताण अचूक ठेवला तरी कागदच एकसारखा नसेल तर काय होते? समजा, पट्ट्याच्या रुंदीत एका ठिकाणी जाडी फक्त एक मायक्रॉनने जास्त आहे. हातात धरलेल्या तावावर हा फरक कोणालाही कळणार नाही. पण तोच जाड भाग साडेसहा हजार वेळा स्वतःवरच येऊन बसतो आणि हिशोबाने साडेसहा मिलिमीटरचा उंचवटा होतो.

प्रत्यक्षात एवढा उंचवटा उठत नाही, कारण वरचे वेढे त्याला दाबत राहतात. पण किंमत चुकवावी लागतेच. उंचवट्यावरचा कागद शेजारच्या कागदापेक्षा जास्त लांब वर्तुळ घेतो, म्हणजेच जास्त ताणला जातो. वृत्तपत्राचा कागद एक टक्क्याच्या आसपास ताणला गेला, की तुटण्याच्या बेतात येतो. साडेसहा मिलिमीटरचा उंचवटा अर्धा मीटर त्रिज्येवर सव्वा टक्क्याहून अधिक ताण मागतो. त्यामुळे ती पट्टी कायमची सैल होते. रीळ उलगडल्यावर पट्ट्यात तेवढीच चीर झोळीसारखी लोंबते, तिथे सुरकुती पडते, रंग सरकतो आणि कधी कागदही फाटतो. छपाई करणारा रूळ तपासत बसतो आणि चूक मात्र कागद बनवतानाची असते.

यावर उपाय गुंडाळणीत नाही, त्याच्या आधीच्या टप्प्यात आहे. कागद बनत असतानाच त्याची जाडी, वजन आणि ओलावा संपूर्ण रुंदीत सतत मोजला जातो. ज्या पट्टीत फरक दिसेल तेथील दाब किंवा उष्णता बदलून तो दुरुस्त केला जातो. प्लास्टिकची फिल्म बनवताना तर यंत्राचा काही भागच सावकाश फिरता ठेवतात, म्हणजे जाडीतला उरलासुरला फरक एकाच जागी न साठता रुंदीभर विखुरतो.

दुखण्यांची लक्षणे

जाणता कारागीर रिळाच्या कडेकडे, म्हणजे गोल तोंडाकडे, पाहून बरेच काही ओळखतो. वर्षानुवर्षे पाहिलेल्या खुणा त्याला रोग सांगतात.

मधला भाग दुर्बिणीच्या नळ्यांसारखा बाहेर सरकला असेल, तर सुरुवात सैल झालेली असते किंवा वेढ्यांत हवा अडकलेली असते. सच्छिद्र कागदातून हवा निघून जाते. फिल्म आणि गुळगुळीत लेपाच्या कागदातून ती सहजी निघत नाही. गुंडाळले तेव्हा घट्ट वाटलेले रीळ काही तासांनी हवा निघून गेल्यावर सैल पडते आणि उचलताना घसरते. अशा मालावर टेकणाऱ्या रुळाचा दाब पुरेसा ठेवून हवा आधीच पिळून काढावी लागते.

तोंडावर चांदणीसारखी किंवा चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली, तर समजावे, की मऊ गाभ्यावर घट्ट वेढे बसले आणि आतले थर दुमडले. असे रीळ आदळले तर नक्षी आणखी वाढते. आत घट्ट, बाहेर हळूहळू सैल हा नियम पाळला, तर हा दोष सहसा होत नाही.

मधली पुठ्ठ्याची नळी, जिला कारखान्यात कोअर म्हणतात, ती चेपली असेल तर ताण तरी प्रमाणाबाहेर गेलेला असतो किंवा नळी हलक्या दर्जाची, ओल खाल्लेली असते. चेपलेली नळी यंत्राच्या दांड्यावर बसत नाही आणि सगळे रीळ वाया जाऊ शकते. चार पैसे वाचवण्यासाठी घेतलेली नळी सर्वांत महाग पडते ती अशी.

रिळाच्या आत बारीक आडव्या चुण्या निघाल्या, तर वरच्या दाबाने आतले वेढे एकमेकांवरून सरकलेले असतात. आणि कडेला एखादी बारीकशी चीर असेल, तर ती सर्वांत धोकादायक. कापणारे पाते बोथट असले, रीळ खडबडीत जमिनीवर घासले, ट्रकमध्ये खिळा लागला, की ही चीर पडते. ताणलेल्या पट्ट्यात सारा जोर त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि पट्टा तिथूनच फाटतो. रिळाच्या कडेवर बाहेरून बसलेला एक घाव आत पन्नास वेढे गेला असेल, तर तो पन्नास जागी तुटण्याची शक्यता घेऊन येतो.

स्टिकरची गोष्ट वेगळी

औषधाच्या बाटलीवर किंवा लोणच्याच्या बरणीवर जे लेबल असते, ते बहुधा आपल्याआप चिकटणारे असते. अशी लेबले १९३५ मध्ये अमेरिकेत स्टँटन अॅव्हरी यांनी बाजारात आणली. हा कागद एकेरी नसतो. वर छापायचा कागद किंवा फिल्म, मध्ये गोंद आणि खाली सिलिकॉनचा लेप दिलेला गुळगुळीत पाठकागद, असे तीन थर असतात. म्हणजे रिळाच्या प्रत्येक वेढ्यात एक मऊ, वाहू शकणारा पदार्थ दडलेला असतो.

हे रीळ फार घट्ट गुंडाळले, किंवा उन्हात तापलेल्या गोदामात ठेवले, तर गोंद कडेने पाझरतो. कडा चिकट होतात, त्यांवर धूळ बसते आणि एक वेढा दुसऱ्याला धरून राहतो. लेबल लावणाऱ्या यंत्रावर पाठकागद मग धक्के खात उलगडतो आणि तुटतो. फार सैल गुंडाळले, तर रीळ हातातच उलगडते. कागदापेक्षा इथे चुकीला जागा कमी असते.

लेबलचा आकार कापणाऱ्या पात्याचेही तसेच. त्याने वरचा थर आणि गोंद कापायचा, पण पाठकागदाला ओरखडाही उमटू द्यायचा नाही. ओरखडा उमटला तर पट्टा लेबल लावताना तुटतो. कापणी अपुरी राहिली, तर लेबलांमधली जाळी सोलून काढताना तिच्याबरोबर एखादे लेबलही निघून जाते आणि रिळात रिकामी जागा राहते. ताठ लेबले अगदी लहान नळीवर गुंडाळली, तर वळण न सोसल्याने त्यांच्या कडा आपोआप उचलल्या जातात. त्यासाठी नळी मोठी घेणे, हाच सोपा उपाय.

बिस्किटाच्या पुड्यावरचे लेबल सुटले तर फार तर विक्री जाते. औषधाच्या बाटलीवर ते नसले किंवा चुकीचे लागले, तर प्रश्न रुग्णाच्या जिवाचा होतो. म्हणून औषधनिर्मितीत किती लेबले आणली, किती लागली, किती खराब निघाली आणि किती उरली याचा मेळ घालावा लागतो. देशातील निवडक ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. असा कोड छापताना पट्टा एका चिरेत सैल असेल, तर चौकटी फासटतात आणि यंत्राला कोड वाचता येत नाही. रिळातला दोष असा थेट ग्राहकाच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचतो.

पावसाळा आणि गोदाम

उत्तम गुंडाळलेले रीळही वाटेत बिघडू शकते. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वेष्टन फाटलेले रीळ पडून राहिले, तर ओल आधी कडांना लागते. कडा लांबतात, मधला भाग तसाच राहतो आणि उलगडताना पट्ट्याच्या कडा लाटांसारख्या हलतात. कोरड्या उन्हाळ्यात नेमके उलटे होते. कडा आखडतात, साऱ्या पट्ट्याचा ताण त्यांच्यावर येतो आणि त्या चिरतात. कागदाच्या चाचणीसाठी जगभर २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता ही स्थिती प्रमाण मानली जाते. प्रत्येक गोदामात ती राखणे परवडत नाही. पण वेष्टन यंत्रावर चढवण्याच्या वेळेपर्यंत न फाडणे आणि रीळ आदल्या दिवशीच छपाईच्या दालनात आणून तिथल्या हवेला सरावू देणे, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे.

दुसरा शत्रू म्हणजे आकार बिघडणे. ७०० किलोचे रीळ आडवे ठेवले, की स्वतःच्याच वजनाने खालच्या बाजूने चपटे होते. उचलणाऱ्या गाडीच्या पंजाने जास्त आवळले तरी तेच. चपटे रीळ यंत्रावर फिरताना प्रत्येक फेऱ्यात पट्ट्याला एक हिसका देते, आणि पट्ट्यात कुठे चीर असेल तर त्या हिसक्याला ती फाटते. म्हणून वृत्तपत्राची रिळे उभी ठेवतात. परदेशातून आलेले रीळ जहाज, बंदर, ट्रक आणि गोदाम असे किती वेळा उचलले आणि टेकवले जाते, याचा विचार केला, म्हणजे या काळजीचे महत्त्व कळते.

नाडीपरीक्षा

बाजारात माठ घेताना आपण तो टिचकी मारून पाहतो. रिळाचेही तसेच. जुने कारागीर लाकडी दांडक्याने रिळावर ठोके देत जातात. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, सैल जागी बद्द. याचेच शास्त्रशुद्ध रूप म्हणजे काँक्रीटचा कणखरपणा मोजणारा श्मिट हातोडा. त्याचा रिळावरून उसळण्याचा आकडा रुंदीभर टिपला, की कुठे घट्ट आणि कुठे मऊ याचा नकाशा मिळतो. एका टोकाला आकडा चढा आणि दुसऱ्या टोकाला उतरता दिसला, तर पुढे त्रास होणार हे निश्चित.

आणखी एक साधी युक्ती आहे. रीळ गुंडाळले जात असतानाच त्याच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत शाईची सरळ रेघ मारायची. रीळ पूर्ण झाल्यावर रेघ सरळच राहिली, तर आतले वेढे जागेवर आहेत. ती वाकली, तर जिथे वाकली तिथे वेढे सरकले. या चाचणीला खर्च जवळजवळ काहीच नाही.

तरीही अनेक ठिकाणी हे होत नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. पट्टा तुटला की घाईत तो जोडला जातो, फाटका कागद रद्दीच्या ढिगात जातो आणि पुरावा तिथेच संपतो. पुढे छपाईवाला कागदवाल्याकडे बोट दाखवतो, कागदवाला वाहतूकदाराकडे आणि वाहतूकदार गोदामाकडे. नुकसान झालेले असते, पण ते कोणाच्याच नावावर पडत नाही. त्यामुळे ते पुढच्या महिन्यात पुन्हा होते.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक तुटीची नोंद ठेवावी. रीळ क्रमांक कोणता, पट्टा नळीपासून किती अंतरावर तुटला, रुंदीत कोणत्या बाजूला, फाटीची सुरुवात कडेला की मध्ये, एवढे चार रकाने पुरतात. फाटलेला तुकडा जपून ठेवावा. महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की चित्र बोलू लागते. सगळ्या तुटी कडेवर असतील तर पाते किंवा हाताळणी तपासावी. सगळ्या नळीजवळ असतील तर गुंडाळणीची सुरुवात. एकाच चिरेत असतील तर कागदाची जाडी. दोष ज्याच्या दारात जन्मला त्याच्या दारात ही वही पोहोचली, तरच तो थांबतो.

हे लक्षात ठेवा

- रिळाची सुरुवात घट्ट आणि सरळ हवी. रीळ वाढेल तसा ताण बेताबेताने कमी करावा.
- जाडीतला फरक गुंडाळून लपत नाही, वाढतो. तो कागद किंवा फिल्म बनतानाच दुरुस्त करावा.
- नळी कोरडी, मजबूत आणि पट्ट्याच्या रुंदीएवढीच असावी.
- वृत्तपत्राची रिळे उभी ठेवावीत. लेबलची लहान रिळे पाटावर आडवी रचताना दोन थरांत पुठ्ठा घालावा.
- लेबलची रिळे ऊन, उष्णता आणि वजनाखाली ठेवू नयेत. आधी आलेला माल आधी वापरावा.
- वेष्टन वापराच्या वेळीच उघडावे.
- पट्ट्याला दिलेला प्रत्येक जोड सरळ असावा, आणि तो कुठे आहे याची खूण रिळाच्या तोंडावर दिसावी.
- तुटलेला कागद फेकण्याआधी फाट कुठून सुरू झाली ते पाहावे आणि लिहून ठेवावे.